नोकरी गेली, डिग्रीही नव्हती. तरी रस्ता स्वतःच काढला! पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांची कहाणी

ठाण्यात नौपाड्याच्या गोखले रोडवर संध्याकाळी फेरफटका मारला तर एक गोष्ट चटकन नजरेत भरते. क्लासेसच्या पाट्यांखाली, झेरॉक्सच्या दुकानांसमोर हातात फाईल घेतलेली मुलं-मुली उभी असतात. कुणी राबोडीतून आलेलं, कुणी मुंब्र्याहून, कुणी कल्याण-डोंबिवलीची लोकल पकडून. कुणाची पहिली नोकरी लागायची आहे, कुणाची लागलेली सुटली आहे. तिशी ओलांडलेलेही यांत असतात. दोन लेकरं घरी, कंपनीनं हिशेब करून मोकळं केलेलं, आणि आता या वयात नवीन काय शिकायचं, हा प्रश्न.

अशा सगळ्यांसाठी आज एका माणसाची हकीकत सांगायची आहे. नाव सगळ्यांनी ऐकलेलं आहे. शाळेच्या पुस्तकात फोटो पाहिलेला असतो: पांढरी दाढी, गळ्यात दुर्बीण, किरकोळ अंगकाठी. डॉ. सलीम अली, भारताचे थोर पक्षितज्ज्ञ. पण हा माणूस वयाच्या तेहतिसाव्या वर्षी बेरोजगार होता, हातात पदवी नव्हती, धंदा करून पाहिला तोही चालला नव्हता, हे किती जणांना माहीत आहे? मोठेपणाच्या गोष्टी आपण खूप सांगतो. मधली कोरडी वर्षं मात्र सांगायची राहून जातात, आणि आपल्या मुलांना खरी गरज त्याच वर्षांची आहे.

यतीम पोर आणि मामूंची चिठ्ठी

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतला. सुलेमानी बोहरा घराणं. नऊ भावंडांत हे शेंडेफळ. एक वर्षाचे असताना वालिद गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. अमिरुद्दीन तय्यबजी हे त्यांचे मामू. मामू-मामींना मूलबाळ नव्हतं. गिरगावात खेतवाडीतल्या त्यांच्या घरात ही यतीम पोरं वाढली. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांचं हेच खानदान. म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी होतं, शिकलेलं होतं. ही गोष्ट लपवायची नाही, कारण पुढच्या हिशेबात ती येणार आहे.

मामूंना शिकारीचा शौक. सलीमच्या हाती छऱ्याची खेळण्यातली बंदूक आली. एकदा त्यानं एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. रोजच्या चिमणीला असा डाग नसतो. ही कोणती चिमणी? मामूंना सांगता येईना. मग मामूंनी एक छोटी पण मोलाची गोष्ट केली. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली आणि पोराला तिकडे धाडलं.

तो जमाना इंग्रजांचा. एक हिंदी पोरगा मेलेली चिमणी कागदात गुंडाळून गोऱ्या साहेबाच्या दारात उभा. धडधडत असणारच. पण साहेबानं त्याला हाकललं नाही. ती पीतकंठी चिमणी आहे हे सांगितलं, पेंढा भरून ठेवलेले पक्षी कपाटं उघडून दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. शेकडो पक्षी एका छताखाली पाहून त्या पोराच्या डोक्यात जे बसलं, ते नव्वदीपर्यंत निघालं नाही.

अभ्यासात मागे, धंद्यात अपयशी

शाळेत सलीम हुशार वगैरे नव्हता. तेराव्या वर्षी सततची डोकेदुखी लागली. हवापालटासाठी सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठवलं, शाळा बुडाली. १९१३ साली मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक कशीबशी पार केली. सेंट झेवियर्स कॉलेजात नाव घातलं, पण पहिलंच वर्ष जड गेलं आणि कॉलेज सुटलं.

मग आपल्याकडे जे होतं तेच झालं. शिकत नाही ना, धंद्याला लाव. ब्रह्मदेशात तव्हॉय इथं घरच्यांचा वुल्फ्रामच्या खाणीचा आणि लाकडाचा व्यवहार होता. पहिलं महायुद्ध सुरू झालेलं, आणि वुल्फ्राम म्हणजे टंगस्टनला युद्धामुळे मागणी होती. सलीमला तिकडे रवाना केलं. आजूबाजूला घनदाट जंगल. धंद्याकडे लक्ष कमी आणि झाडांवर जास्त. वनखात्यातल्या पक्ष्यांच्या शौकीन अधिकाऱ्यांशी ओळखी झाल्या, नजर तयार होत गेली. धंदा मात्र त्यांच्या हाती काही रुजला नाही.

१९१७ मध्ये मुंबईला परतल्यावर त्यांनी दावर कॉमर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकायला सुरुवात केली. म्हणजे घरच्यांचं म्हणणं पुरतं टाकून दिलं नाही. पण सेंट झेवियर्सचे फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी या तरुणाचा खरा कल ओळखला आणि प्राणिशास्त्र शिकायचा आग्रह धरला. सकाळी दावर कॉलेजात जमाखर्च, तिथून झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र, असे दोन्ही वर्ग त्यांनी एकाच काळात केले. दिवसा दुकान, रात्री क्लास करणाऱ्या आपल्या मुलांना हे नवीन वाटणार नाही. डिसेंबर १९१८ मध्ये नात्यातल्याच तेहमिना बेगम यांच्याशी निकाह झाला.

जागा होती, पण डिग्री नव्हती

आता प्रश्न पोटाचा. पक्ष्यांचं काम करायचं, पण त्याला पगार कोण देणार? देशात अशा नोकऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. सरकारच्या झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियामध्ये पक्षितज्ज्ञाची जागा होती. सलीम अलींना ती मिळाली नाही. कारण साधं होतं: विद्यापीठाची रीतसर पदवी नाही. ज्ञान आहे का, काम येतं का, हे पुढचे प्रश्न. आधी कागद दाखवा. शंभर वर्षं झाली, पण ही खिडकी आजही तशीच आहे, हे नोकरी शोधणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, नव्यानं उघडलेल्या निसर्ग विभागात गाईड लेक्चररची नोकरी लागली. पगार महिना ३५० रुपये. त्या काळाच्या मानानं उत्तम. विद्यार्थ्यांना, पाहुण्यांना फिरवून प्राणी-पक्ष्यांची माहिती द्यायची. दुसरा कुणी असता तर पेन्शनपर्यंत तिथंच राहिला असता.

पण दोन वर्षांत त्यांना कळून चुकलं की आपण रोज तेच ते बोलतो आहोत, शिकत काहीच नाही. आणि जी पदवी नाही म्हणून दार बंद झालं, ती आता या वयात मिळवणं अवघड; पण पदवीच्या मागे जे खरं शिक्षण असतं ते मिळवता येईल. १९२८ साली त्यांनी अभ्यासरजा काढली. इंग्रजांच्या राज्यातला माणूस शिकायला लंडनला जायचा. यांनी बर्लिन निवडलं. तिथल्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात प्राध्यापक एर्विन स्ट्रेसमान हे पक्षिशास्त्राचे नावाजलेले गुरू होते. त्यांच्या हाताखाली नमुने तपासणं, मोजमापं घेणं, नोंदी करणं, पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा माग काढणं, हे सगळं ते शिकले. सर्टिफिकेट जमवण्यापेक्षा नेमकं कोणतं कसब कमी पडतंय ते ओळखून, ते ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे ते गेले. स्ट्रेसमान यांना ते पुढे आयुष्यभर उस्ताद मानत राहिले.

परत आले तर खुर्चीच नाही

१९३० मध्ये नव्या उमेदीनं मुंबईत पाय ठेवला तर काय, म्युझियममधली ती जागाच रद्द झालेली. पैसे नाहीत, म्हणून पद काढून टाकलं. तक्रार कुणाकडे करणार? मंदीचा काळ. वय तेहतीस. लग्न झालेलं. युरोपात शिकून आलेला, पण कागदोपत्री अजूनही मॅट्रिक पास.

नोकरी शोधली, मनासारखी मिळाली नाही. मुंबईत राहणं परवडेना, तेव्हा दोघं नवरा-बायको खाडीपलीकडे अलिबागजवळच्या किहीम गावी कुटुंबाच्या घरात राहायला गेले. आपल्या समाजात अशा वेळी काय बोललं जातं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. एवढे पैसे घालवून विलायतेत गेला आणि आता गावात बसून पाखरं बघतोय!

पाखरंच बघत होते ते. पण कशी, ते ऐका. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. पावसाळा आला, सुगरणींची घरटी विणणं सुरू झालं. सलीम अलींनी शिडीवर कापडी आडोसा बांधला आणि त्यात बसून तासन्‌तास, दिवसामागून दिवस, एकेका घरट्याचा हिशेब लिहायला लागले. कोणत्या नरानं कधी सुरुवात केली, मादी कधी आली, किती वेळ थांबली, अंडी कधी घातली.

त्यातून जे दिसलं ते तोवर कुणी नीट मांडलेलं नव्हतं. घरटं बांधतो तो नर. तो ते अर्ध्यावर आणून ठेवतो आणि पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. माद्या येऊन आतबाहेर तपासणी करतात. पसंत पडलं तर मादी त्यात मुक्काम टाकते आणि मग नर उरलेलं घरटं पुरं करतो. पसंत पडलं नाही तर ते तसंच लटकत राहतं. आणि एका मादीचा संसार बसला की नर दुसऱ्या घरट्याला लागतो, दुसऱ्या मादीसाठी. सुगरण हे कौतुकाचं नाव आपण मादीला दिलं, पण विणकाम नराचं, आणि पारख मादीची! हा अभ्यास १९३१ मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आला आणि जगभरच्या पक्षितज्ज्ञांनी त्याची दखल घेतली.

नोकरी नव्हती त्या दिवसांत हे काम झालं, हे लक्षात घ्या. त्यासाठी कुणी नेमणूकपत्र दिलं नव्हतं. लागलं काय? एक शिडी, कापड, वही, आणि रोज ठरल्या वेळी जाऊन बसायची शिस्त.

जाहिरातीची वाट न पाहता स्वतःच काम सुचवलं

खरी कलाटणी यापुढची आहे. नोकरीच्या जाहिरातीची वाट बघत बसायचं की आपणच काम शोधून काढायचं? सलीम अलींनी दुसरा रस्ता धरला. त्यांनी पाहिलं की भारताच्या मोठ्या भागात कोणते पक्षी आहेत याची नीट पाहणीच झालेली नाही. विशेषतः संस्थानांचे प्रदेश. संस्थानिकांकडे पैसा आहे, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीकडे नाव आहे, आणि आपल्याकडे कसब आणि वेळ आहे. या तिघांची सांगड घातली तर?

त्यांनी सरळ प्रस्ताव ठेवला. पाहणी मी करतो, त्याचा पगार नको. तंबू, प्रवास, मदतनीस यांचा खर्च संस्थानानं द्यावा, अहवाल सोसायटीनं छापावा. हैदराबादच्या निझाम सरकारनं खर्च उचलला आणि १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानाची पक्षी-पाहणी झाली. आजचा आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. पाठोपाठ त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, म्हैसूर, कच्छ अशी यादी वाढत गेली. बैलगाडी, उंट, पायपीट, जे मिळेल त्यानं प्रवास. तेहमिना बेगम बरोबर असायच्या. शहरात, सुखात वाढलेली बाई. पण जंगलातला मुक्काम त्यांनी आपलासा केला. सलीम अलींच्या यशात त्यांचा वाटा किती, हे त्यांनी स्वतः आत्मचरित्रात मोकळेपणानं कबूल केलं आहे.

या पाहण्यांत जमवलेले नमुने तपासायचं काम इंग्लंडचे ह्यू व्हिसलर करत. पंजाबात पोलिस अधिकारी राहिलेले, पक्ष्यांवरच्या मान्यवर पुस्तकाचे लेखक. सलीम अलींनी त्यांच्या लिखाणातल्या काही चुका दाखवून दिल्या. व्हिसलर आधी नाराज झाले. मग नमुने पुन्हा तपासले, मुद्दा बरोबर निघाला, आणि दोघांची पक्की दोस्ती झाली. पदवी नसलेल्या माणसाजवळ पुरावा होता, आणि तो त्यानं अदबीनं पण न घाबरता मांडला.

मोफत काम: थोडं थांबून विचार करा

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. सलीम अली बिनपगारी राबू शकले, कारण डोक्यावर कुटुंबाचं छप्पर होतं, घरची थोडीफार मिळकत होती आणि नवरा-बायकोंनी गरजा कमी ठेवल्या होत्या. ज्याच्या पगारावर घरभाडं, अम्मीची औषधं आणि भावंडांची फी अवलंबून आहे, त्याला कुणी फुकट राब म्हणून सांगू नये. अनुभवाच्या नावाखाली पोरांकडून महिनोन्‌महिने बिनपैशाचं काम करून घेणारेही बाजारात आहेत.

फरक कसा ओळखायचा? सलीम अलींच्या पाहणीत काम त्यांनी ठरवलेलं होतं, खर्च दुसऱ्यानं उचललेला होता, आणि अहवालावर नाव त्यांचं लागणार होतं. या तिन्हींपैकी एकही गोष्ट नसेल तर ती संधी नाही, वेठबिगारी आहे. घराची जबाबदारी असलेल्यानं चालू नोकरी धरून, रोजचा एक तास काढून सुगरणीसारखं अर्धं घरटं आधी विणावं. इलेक्ट्रिशियन असाल तर केलेल्या कामांचे फोटो आणि खर्चाचा तपशील एका वहीत ठेवा. हिशेब येत असेल तर ओळखीच्या दोन दुकानदारांचे हिशेब रीतसर मांडून द्या, थोडे का होईना पैसे घ्या. शिवण, स्वयंपाक, संगणक, भाषा, काहीही असो. आधी दाखवण्याजोगं काम, मग अर्ज. आणि अर्जात मला नोकरीची गरज आहे एवढंच न लिहिता, तुमचं अमुक काम अडलेलं आहे, ते मी असं करून देईन, हे लिहावं. समोरच्याला आपली गरज कळण्यापेक्षा आपला उपयोग कळणं जास्त कामाचं.

दुःख आलं, काम थांबलं नाही

१९३९ मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तेहमिना बेगम यांचा इंतकाल झाला. सलीम अली आतून कोसळले. बहीण कमू आणि मेव्हणे हसन अली यांनी त्यांना आपल्या घरी नेलं, आणि पुढची कितीतरी वर्षं त्याच घरातून त्यांचं काम चाललं. दुसरं लग्न त्यांनी केलं नाही.

१९४१ मध्ये त्यांचं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' हे सचित्र पुस्तक आलं. साध्या माणसाला पक्षी ओळखता यावा, म्हणून लिहिलेलं. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत गेल्या. पुढे अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ले यांच्या साथीनं भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९७४ पर्यंत पुरा केला, तेव्हा वय होतं ७७. स्वातंत्र्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी पैशाअभावी अडचणीत आली, तेव्हा पंडित नेहरूंना लिहून तिला मदत मिळवून देणारेही तेच. भरतपूरचं पक्षी अभयारण्य आणि केरळातलं सायलेंट व्हॅलीचं जंगल वाचवण्यासाठी त्यांनी शब्द टाकला.

आणि डिग्रीचं काय झालं? ज्याला पदवी नाही म्हणून सरकारी जागा नाकारली, त्याला अलिगढ मुस्लिम विद्यापीठानं, नंतर दिल्ली आणि आंध्र विद्यापीठांनीही सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक. २० जून १९८७ रोजी, नव्वदी पार केल्यावर, मुंबईत त्यांचा इंतकाल झाला. आज कोइमतूरची पक्षिसंशोधन संस्था, गोव्यात चोडण बेटावरचं अभयारण्य आणि छत्रपती संभाजीनगरातलं सरोवर त्यांच्या नावानं ओळखलं जातं. महाराष्ट्रात दर वर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. त्याचा शेवटचा दिवस म्हणजे सलीम अलींचा जन्मदिन.

आपण ठाणेकर तर या बाबतीत नशीबवान. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. येऊरचं जंगल नौपाड्यापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. पक्षी दाखवणारे वाटाडे, नोंदी ठेवणारे, फोटो काढणारे, निसर्गशिक्षण देणारे, ही सगळी आता कामं आहेत. आपल्या वस्त्यांतल्या किती मुलांना हे माहीत आहे?

शेवटी वडीलधाऱ्यांना एक विनंती. या कहाणीत सलीम अलींची जिद्द आहेच, पण त्यांच्या आसपासची माणसंही बघा. मामूंनी चिठ्ठी दिली. मिलार्ड यांनी कपाट उघडलं. फादर ब्लॅटर यांनी कल ओळखला. तेहमिना बेगम यांनी गरिबीत साथ दिली. बहिणीनं घर दिलं. आपल्या घरात, मोहल्ल्यात आज कुणी मुलगा किंवा मुलगी नोकरीविना बसली असेल, तर तिला टोमणा मारण्याआधी विचारा: तुला नेमकं काय जमतं, काय करायला आवडतं? मग आपल्या ओळखीत त्या कामातला कोण आहे ते आठवा, आणि या जुम्याच्या आत त्याला एक फोन करा. मामूंच्या चिठ्ठीला तरी याहून जास्त काय लागलं होतं?